तू काल फोनवर विचारलंस म्हणून

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

व्हॉट्सॲपवरच टाकतोय, रेंज आली की वाच. तू नेमका कुठं आहेस ते विचारत नाही, मीही कधी घरी सांगितलं नाही, ५६ एपीओ एवढाच पत्ता आईला पाठ होता.

आज शाळेत झेंडावंदन झालं. मला आणि वरच्या आळीच्या सुभेदारसाहेबांना पुढं बसवलं होतं. सर आधी अपशिंगे मिलिटरीचं बोलले, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण गेले, आजही घरटी माणूस फौजेत आहे वगैरे, आणि मग एकदम माइक माझ्या हातात दिला, मुलांना सांगा तुम्ही सैन्यात का गेलात. काल रात्री तूही तेच विचारलंस. फक्त रागानं. "आबा, तुम्ही सगळं पेन्शनसाठीच केलंत का?" म्हणालास आणि फोन ठेवलास.

पोरांना मी देशासाठी म्हणून सांगितलं, टाळ्या झाल्या. ते खोटं नाही. पण तू आता बारकं पोर नाहीस, वर्दीतला माणूस आहेस, तुला सविस्तर सांगतो.

आपल्या घराण्यात माझ्याआधी कोणी फौजेत नव्हतं. १९९५ ला मी गेलो तेव्हा आपल्या माणच्या रानात बाजरी पेरायची आणि आभाळाकडं बघत बसायचं, दुसरं काही नव्हतं. आक्काचं लग्न ठरलेलं, नानांच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज. कोल्हापूरला भरती निघाली म्हणून कळलं तसा एस्टीत बसलो. वजन कमी भरेल या भीतीनं स्टँडवर डझनभर केळी खाल्ली, वर पोटभर पाणी, आणि काट्यावर उभा राहिलो तेव्हा श्वास घ्यायची भीती वाटत होती. सुभेदार काटा बघत होता आणि मी त्याच्या मिशीकडं बघत होतो. म्हणजे पोटासाठीच गेलो बाळा. पगारासाठी, आणि हो, पेन्शनसाठी. ते सांगायला मला लाज वाटत नाही.

पण गेलो त्या कारणानं माणूस तिथं टिकत नाही. बेळगावात ट्रेनिंगचा रगडा सोसला, कसम परेड झाली, पलटणीत आलो, तरी मला वाटायचं नोकरीच आहे. मग संसदेवर हल्ला झाला आणि ऑपरेशन पराक्रमसाठी आम्हाला राजस्थानात बॉर्डरवर नेऊन बसवलं, २००२ चं जवळजवळ सगळं वर्ष तिथंच गेलं. लढाई झाली नाही म्हणून लोकांना वाटतं काही झालं नाही. रात्री माइन, म्हणजे सुरुंग, पेरायच्या आणि परत निघायची वेळ आली तेव्हा त्याच उकरून काढायच्या. वाळू सरकलेली असायची, नकाशात माइन एकीकडं आणि खरी भलतीकडंच. गुडघ्यावर बसून, तिरका प्रॉडर, म्हणजे माइन शोधायची सळई, बोटभर बोटभर आत घालायचा, टोकाला कडक लागलं की थांबायचं, मग हातानं वाळू बाजूला करायची. लातूरकडचा एक पोरगा माझ्या शेजारच्या लेनमध्ये, म्हणजे साफ करायच्या पट्ट्यात, होता. त्याचा पाय गेला. त्याला उचलून आणताना तो सारखं म्हणत होता, माझी लेन राहिली, माझी लेन राहिली. दुसऱ्या दिवशी त्याच्या लेनमध्ये कोण जाणार असं नाईकनं विचारलं तेव्हा मी उठलो. त्या वेळी डोक्यात पेन्शन नव्हती, खरं सांगायचं तर देशही नव्हता. तो होता. हे मी तुझ्या आईला आजपर्यंत सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

पण बाळा, त्याच पेन्शनवर आपल्या घराचा स्लॅब झाला. आईचं ऑपरेशन ईसीएचएसच्या, माजी सैनिकांच्या उपचार योजनेच्या, कार्डावर झालं, नाहीतर रान गहाण पडलं असतं. माझी १७ वर्षं झाली म्हणून हे झालं. तू अग्निवीर, तुझी चारच वर्षं, त्यातली दोन संपली. चार वर्षांनी शंभरातले पंचवीस पुढं ठेवतात, त्या पंचविसात तू असशीलच, तुझी फायरिंग चांगली आहे, बीपीईटीला, फौजेतल्या पळण्याच्या परीक्षेला, तू पुढं असतोस हे मला माहीत आहे. पण बाकीचे पंच्याहत्तर काय कमी असतात का रे? तेही तुझ्यासारखेच पळून, घाम गाळून आलेले. चार वर्षं संपली की सेवानिधीचे ११ लाख ७१ हजार एकरकमी मिळतील, आपल्यासारख्याला आकडा मोठा वाटतो, पण जागा घेतली किंवा गाडी घेतली की संपले. म्हणून म्हणत होतो इग्नू मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भर, तुमच्या ट्रेनिंगचे मार्क त्यात धरतात, पदवी हातात पडेल. निमलष्करीत राखीव जागा आहेत, पोलीस भरती आहे, आत्तापासून रोज तासभर पुस्तक घेऊन बस, मोबाइल बाजूला...

परत सुरू झालं माझं. माफ कर. आज हे लिहायचं नाही असं ठरवूनच बसलो होतो.

तू का गेलास हे मी तुला कधी विचारलं नाही. मला दिसत होतं. कोविडमध्ये भरती बंद होती, कधी सुरू होणार कोणाला माहीत नव्हतं, तरी पहाटे चारला दहिवडी रोडवर तुझे बूट वाजायचे. मग योजना बदलली, अग्निपथ आली, चार वर्षांचं आहे म्हणून कळलं आणि तुझ्याबरोबरची निम्मी पोरं चाकणला कंपनीत गेली. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही, त्यांच्या घरची अडचण त्यांनाच माहीत. तू मात्र दुसऱ्या दिवशीही उठलास. पेन्शन नाही हे माहीत असताना उठलास. मी गेलो तेव्हा माझ्यापुढं निदान ती तरी होती. ही गोष्ट मी सुभेदारसाहेबांजवळ कितीदा बोललोय ते त्यांना विचार, तुझ्यासमोर बोलायला मला जमत नाही.

आणि तरी रात्री झोप लागत नाही ती चार वर्षांनंतरच्याच विचारानं. गोळीची भीती तुझ्या आईला वाटते, २०२५ च्या मे महिन्यात ऑपरेशन सिंदूरच्या वेळी ती रात्रभर टीव्हीसमोर बसून होती. मला ती भीती वाटली तरी कशी सोसायची ते माहीत आहे. तू तेवीसाव्या वर्षी पेटी घेऊन फाट्यावर उतरलास तर तुला काय सांगायचं, हे मात्र मला कोणी शिकवलेलं नाही.

गणपतीला सुट्टी मागू नकोस, तुम्हाला वर्षाला तीसच दिवस, ते छोटीच्या लग्नाला राखून ठेव. हिरव्या मिरचीचा ठेचा आणि आईनं विणलेले मोजे पार्सलनं पाठवलेत. पाय कोरडे ठेवत जा. मोजे रोज बदलायचे, कंटाळा करायचा नाही. रविवारी फोन कर, आधी आईशी बोल, मग माझ्याशी. फॉर्मचं मी विचारणार नाही, फक्त मुदत कधी संपते ते बघून ठेव.

तुझा,
आबा