शेंदुरजना घाटहून नागपूरच्या भाऊंना

भाऊ, सप्रेम नमस्कार.

आषाढात तुम्ही केलेल्या मदतीचे आभार मानायला फोन केला होता, पण मधेच लाईन गेली अन् बोलणं राहून गेलं. म्हणून हे उघड पत्र.

काकाजींच्या संत्रा रोपवाटिकेचं वेबपेज मी केलं होतं. कलमाच्या फोटोवर माउस नेला की पट्टी उघडणार: खुंट जंभेरीचा की रंगपूर लिंबाचा, कलमाचं वय, भाव. माझ्या क्रोम ब्राउझरवर सगळं झकास. काकाजींच्या ऑफिसातल्या फायरफॉक्स या दुसऱ्या ब्राउझरवर मात्र पट्टी नुसती लुकलुकायची. "भाव दिसते अन् पयते, गिऱ्हाइकाले वाचूच देत नाही," काकाजी म्हणाले. ऐन लागवडीचे दिवस. मी चार रात्री रंग बदलले, वेळा बदलल्या, फरक पडेना.

तुम्ही तयार कोड पाठवून मोकळे झाला असता. त्याऐवजी म्हणालात, "माउस निघताना चालला कुठे, ते ब्राउझरलाच विचार. कन्सोलवर, म्हणजे ब्राउझरच्या तपासणीच्या खिडकीत, छाप." छापलं. क्रोमवर माउस पानाच्या ज्या भागावर गेला त्या घटकाचं नाव आलं. फायरफॉक्सवर माउस जरा हलला की 'अनडिफाइन्ड', म्हणजे उत्तरच नाही, त्याच्याखाली पुन्हा 'अनडिफाइन्ड'. ती ओळ बघताना अंगावर काटा आला, कारण चूक पहिल्यांदाच डोळ्यांसमोर होती. माउस कुठे चालला ते सांगणारं 'टूएलिमेंट' हे नाव मी जुन्या स्क्रिप्टमधून उचललं होतं. ते मूळचं इंटरनेट एक्सप्लोरर या जुन्या ब्राउझरचं. क्रोम त्याला चालवून घेतो, फायरफॉक्स नाही. प्रमाण नाव 'रिलेटेडटार्गेट'. फोटोवरून त्याच चौकटीतल्या भावाच्या ओळीवर माउस सरकला तरी 'माउसआउट', म्हणजे माउस निघाल्याचा इशारा, घडतो, आणि उत्तर न मिळाल्यानं माझी स्क्रिप्ट तो बाहेर गेला असं समजून पट्टी मिटवायची.

मग तुम्ही 'माउसएंटर' आणि 'माउसलीव्ह', म्हणजे माउस चौकटीत आल्याचे आणि चौकटीबाहेर गेल्याचे इशारे, दाखवलेत. तेही इंटरनेट एक्सप्लोररचंच देणं, पण फायरफॉक्सनं २०१२ मध्ये आणि क्रोमनं २०१३ मध्ये ते घेतलं. चौकटीच्या आत माउस कितीही फिरला तरी ते पुन्हा घडत नाहीत. माझ्या सगळ्या तपासण्या पुसल्या गेल्या, चार ओळी उरल्या.

तेव्हा फोन ठेवता ठेवता तुम्ही विचारलंत, "तुमचं गिऱ्हाईक हे बघतं कशावर?" बहुतेक सगळे मोबाइलवर! तिथे माउसच नाही. एकाच्या आयफोनवर पहिल्या टॅपला नुसती पट्टी उघडायची, लिंक दुसऱ्या टॅपला. आमच्या फोनांवर उघडलेली पट्टी चिकटूनच राहायची. आता मीडिया क्वेरीत, म्हणजे पानाला उपकरण कसं आहे ते विचारणाऱ्या अटीत, 'हॉव्हर' (वर माउस नेता येतो का) तपासतो: माउस असेल तरच पट्टी, नाहीतर भाव थेट फोटोखाली. हा प्रश्न मला सुचलाच नसता, भाऊ.

परवा मोर्शीकडचे एक शेतकरी आले. बांधावरूनच फोन पुढे केला, जंभेरीच्या भावावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे दोनशे कलमं पाहिजे."

पैसे तुम्ही घेतले नाहीत. आंबिया बहराचा संत्रा तुटायला लागला की पेटी घेऊन नागपूरला येतो. तिला नाही म्हणू नका.

तुमचा,
काकाजींचा पुतण्या