सिस्टर, तुमच्या मुलाची अंकलिपी आमच्याकडेच आहे

सिस्टर, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. वॉर्डात सगळे सिस्टर म्हणायचे, आम्हीही तेच म्हणत राहिलो. रात्रपाळीला असायचात, एवढी खूण पुरे.

आमच्या आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) हा नसांचा आजार झाला. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात त्याची साथ आली, तेव्हा पेपरात नाव वाचलं होतं. तो आमच्या उंबऱ्यात येईल असं कुणाला वाटलं होतं? जुलाब थांबले आणि आठवड्याभरात पायातली ताकद गेली, मग हातातली, मग श्वासच पुरेना. व्हेंटिलेटर लांबला म्हणून गळ्याला छेद देऊन नळी बसवली. हवा नळीतूनच आत-बाहेर, त्यामुळे आवाज बंद. पण या दुखण्यात माणूस शुद्धीवर असतो, त्याला सगळं ऐकू येतं, हे आम्हाला पहिल्यांदा तुम्ही सांगितलंत. आधीच्या खासगी दवाखान्यात मोठे डॉक्टर आबांच्या उशाशी उभे राहून "फारशी आशा धरू नका" म्हणाले होते. आबा टक्क जागे. बिलाचा आकडा तेवढा केबिनमध्ये बोलावून हळू आवाजात सांगितला.

तुमच्याकडे आल्यावर दुसऱ्याच रात्री तुम्ही घरून मुलाची अंकलिपी घेऊन आलात. खाकी कव्हर, कोपरे दुमडलेले. "आबा, मी बोट फिरवते. हवं ते अक्षर आलं की डोळे मिटा." एवढा भरलेला वॉर्ड, तिकडे कुणाचं सलाईन संपलेलं, आणि तुम्ही क पासून एकेक अक्षर. म वर डोळे मिटले. पुन्हा पहिल्यापासून. श वर मिटले. मी घाईनं म्हटलं, "म्हशीचं विचारतायत! आबा, काळजी करू नका, काकांच्या गोठ्यात बांधलीय, दूध देतीय." आबांनी डोळे गच्च मिटून घेतले. राग होता तो. तुम्ही वाकून नीट बघितलंत आणि त्यांच्या नाकावरची माशी हाकललीत.

हात हलत नाही, आवाज फुटत नाही, आणि नाकावर माशी. इतक्या दिवसांत अशा किती बसल्या असतील, कोण जाणे. मी त्या रात्री जिन्यात जाऊन रडले.

सक्शनही, म्हणजे गळ्यातल्या नळीतला कफ ओढून काढणं, तुम्हीच शिकवलंत. बारीक नळी आत असेपर्यंत आपलाही श्वास धरायचा, आपला जीव घाबरला की त्यांचाही घाबरलाय समजायचं. घरी सोडताना "तुमच्याकडे लाइट किती वेळ जाते?" हेही तुम्हीच विचारलंत. म्हणून पायानं दाबायचं सक्शन घेतलं, आणि पावसाळ्यात दोनदा त्यानंच तारलं. उशाशी पिशवीत दोन जादा नळ्या, एक त्याच मापाची, एक त्याहून लहान. लहान कशाला, असं आमचे हे म्हणाले होते. एका पहाटे नळी निसटली, तेव्हा दवाखाना गाठेपर्यंत ती लहानच बसली. त्यानंतर ह्यांनी तुमच्या कुठल्याच सूचनेला कशाला म्हटलं नाही.

बाकी आमची गरज कुणाला कळलीच नाही. आवाज नसलेला माणूस रात्री हाक मारू शकत नाही, म्हणून घरातलं कुणीतरी जागंच. मी, हे आणि नणंद, पाळ्या लावलेल्या. भेटायला येणारे शहाळी आणायचे. आम्हाला दोन तास झोप हवी होती! एक मावशी तर खोलीत उदबत्ती लावून गेल्या, आबा खोकून खोकून बेजार. माया होती हो, पण विचारत कुणी नव्हतं. तुम्ही विचारायचात, आणि उत्तर येईपर्यंत थांबायचात. सरकारी पाळीत, दुखऱ्या पायांवर उभं राहून.

आता नळी निघालीय, गळ्यावरचं भोकही भरलंय. आवाज जरा घोगरा आहे. पहिल्या दिवशी आबा काय म्हणाले सांगू? "त्या पोराचं पुस्तक दिलं का परत?"

तुम्ही "राहू द्या, त्याला दुसरी घेते" म्हणाला होतात, पण ते ऐकायला तयार नाहीत. काठी टेकत स्वतः येणार आहेत. मुळाक्षरांचं पान बोट फिरवून फिरवून फाटलंय. मी चिकटपट्टी लावलीय, पण श जरा झाकला गेलाय.