सिम्युलेशन दाखवा, पण ब्युरेट कपाटात ठेवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्मार्ट बोर्डवर सिम्युलेशन (संगणकावरचा आभासी प्रयोग) दाखवले की रसायनशास्त्राचे प्रात्यक्षिक उरकले, असा समज शाळांतून रुजतो आहे. सिम्युलेशनला आमचा विरोध नाही. कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पातली सिम्युलेशन्स फुकट आहेत. एकदा उतरवून घेतली की इंटरनेट नसले तरी चालतात. प्रश्न आहे तो पुढे काय करायचे याचा.

अकरावीतला नेहमीचा घोळ घ्या. ‘सौम्य’ (ज्याचे थोडेच रेणू फुटतात ते) आणि ‘विरल’ (ज्यात पाणी जास्त ते) हे शब्द मुलांच्या डोक्यात एकच होऊन बसतात. आम्ल-आम्लारीच्या सिम्युलेशनमध्ये तीव्र आणि सौम्य अशा दोन्ही आम्लांची संहती (द्रावणातले प्रमाण) ०.१ मोलार ठेवा. तीव्र आम्लाचा प्रत्येक रेणू फुटून आयन झालेला दिसतो, सामू (pH) १. सौम्य आम्लात बहुतेक रेणू अखंड, द्रावणातून वीज जाऊन पेटणारा दिवाही मिणमिणता. हे फळ्यावर खडूने जमत नाही, मान्य. खऱ्या ॲसेटिक आम्लात तर हजारातले जेमतेम तेरा रेणू फुटतात आणि सामू २.९ च्या आसपास येतो.

पण इथेच तास संपला तर मूल भलताच धडा घेऊन उठते: सौम्य आम्लाला कॉस्टिक सोडाही कमी लागणार! म्हणून अंदाज आधी वहीत लिहून घ्यावा आणि त्याच दिवशी ब्युरेट (थेंब-थेंब मोजून सोडायची काचनळी) भरावे. हायड्रोक्लोरिक आणि ॲसेटिक, दोन्ही ०.१ मोलार, पिपेटने १०-१० मिली. ०.१ मोलार सोडा दोन्हींना १० मिलीच लागतो, कारण आयन खर्च होतील तसे उरलेले रेणू फुटत राहतात.

सोडा तोलून भरवसा ठेवू नये. तो हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढतो. ०.६३ ग्रॅम ऑक्झॅलिक आम्लाचे स्फटिक पाण्यात विरघळवून १०० मिली करावे. त्यातल्या १० मिलीला १० मिली सोडा लागला तर द्रावण ठीक. आम्ल संपल्याचे रंगाने दाखवणारे फिनॉल्फथॅलिन दोनच थेंब. फिकट गुलाबी रंग ३० सेकंद टिकला की थांबायचे. तो नंतर उडाला म्हणून पुन्हा थेंब सोडू नयेत. त्याऐवजी सामू ४.४ लाच पिवळे होणारे मिथिल ऑरेंज वापरले तर ॲसेटिक आम्लात तीन-साडेतीन मिलीलाच पिवळेपणा येतो आणि अख्ख्या बॅचची वाचने वाया जातात. तेव्हा न ओरडता पुन्हा सिम्युलेशन उघडावे. ‘सामू ४.४ ला किती रेणू अजून अखंड आहेत?’ या प्रश्नाला आता अर्थ येतो.

फिनॉल्फथॅलिन संपले, ही सबब निदान हळदीची पेठ असलेल्या सांगलीत तरी चालू नये. स्पिरिटमध्ये काढलेला हळदीचा अर्क सामू ८ च्या आसपास पिवळ्याचा तांबूस होतो. बदल ओळखायला नजर बसावी लागते, म्हणून शंकूपात्राखाली पांढरा कागद ठेवावा.

— रसायनशास्त्राचे काही शिक्षक, विटा (जि. सांगली)