महिला दिनाच्या व्हॅनविषयी

प्रिय वसुधा,

सप्रेम नमस्कार.

महिला दिनाला आमच्या बीड जिल्ह्यातल्या तांड्यांवर मॅमोग्राफीची (स्तनांच्या कॅन्सरसाठी एक्स-रे तपासणीची) व्हॅन पाठवण्याचा तुमच्या मंडळाचा बेत कळला. हेतू चांगला आहे. पण ८ मार्चला इथे तपासायला बायकाच नसतात. दिवाळीच्या आगेमागे निम्मा तांडा ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात जातो आणि कारखान्यांचा पट्टा पडल्यावरच, म्हणजे गाळप हंगाम संपल्यावरच, परततो. फडावर एका दिवसाचा खाडा झाला तरी मुकादम पैसे कापतो, म्हणून हाताला लागलेली गाठसुद्धा बाई अंगावर काढते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या जेमतेम ०.९ टक्के स्त्रियांनी स्तनांची तपासणी कधीतरी करून घेतल्याचे आढळले. तमिळनाडूत हे प्रमाण ५.६ टक्के होते, आणि तेही मिरवावे असे नाही.

व्हॅनचा आग्रह मला मुळातच पटत नाही. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये केलेला अभ्यास तुला ठाऊक आहेच. प्रशिक्षण दिलेल्या स्त्रियांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासले, तरी पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. (सगळ्या वयांचा एकत्र हिशेब मांडला, तर घट इतकी ठोस नव्हती, हेही मंडळाला सांग.)

हाताने करायची ही तपासणी तिशीपुढच्या प्रत्येक स्त्रीला उपकेंद्रात मोफत मिळावी, असा सरकारी कार्यक्रम आहेच. आशाताई घरोघर फॉर्म भरतात. पण खोलीला पडदा नाही आणि बाहेर बाकावर गावातले पुरुष बसलेले, अशा ठिकाणी कोणती बाई पोलक्याची बटणे काढील? त्यातून ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचे प्रकरण २०१९ साली गाजले, तेव्हा कॅन्सरची भीती घालून पिशव्या काढल्याच्या तक्रारी पुढे आल्या होत्या. त्यानंतर डॉक्टरच्या तोंडून कॅन्सर हा शब्द निघाला, की समोरची बाई आधी पदर सावरून उठते. मी तिला दोष देत नाही.

आणि गाठ सापडलीच, तर तुकडा तपासायला अंबाजोगाई, पुढच्या उपचारांना छत्रपती संभाजीनगर. उपचार योजनेत बसतात, पण सोबतीच्या माणसाचे भाडे, बुडालेला रोज आणि घरातल्या पोरांची सोय कोणत्याच योजनेत बसत नाही. मंडळाचे पैसे तिथे लागू देत. पडदा आणि तपासणीचे टेबल यांना फारसा खर्च नाही. तुमच्यातल्या दोघी स्त्री-डॉक्टर पोळ्यानंतर आठवडाभर येऊन आमच्या आरोग्यसेविकांचा हात तयार करून देतील का, ते विचार. तेव्हा बायका गावात असतात.

बैठकीपूर्वी फोन कर, म्हणजे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या कानावर मी आधीच घालून ठेवीन.

तुझी,
मंगल