दुष्काळातला तेरावा: प्रयोगशाळेतल्या ताईंना पत्र

ताई,

नाव लिहू नकोस म्हणालात म्हणून लिहीत नाही. पण आभार उघडपणेच मानायचे आहेत, कारण माझी चूक मी चारचौघांत केली होती.

मिठागरातल्या सूक्ष्मजीवांच्या थराचा तो तुकडा आठवतो ना? वर तपकिरी, खाली गर्द हिरवा, मग जांभळट आणि तळाला काळा. दोन बोटं जाडीचा, ओल्या स्पंजासारखा. मास स्पेक्ट्रोमीटरवर त्याच्या सेंद्रिय कार्बनचा आकडा (ठरलेल्या मानकापेक्षा जड कार्बन-१३ चं प्रमाण किती कमी, ते; शून्याच्या जितका जवळ तितका कार्बन जड) आला दर हजारी उणे ११. समुद्रातल्या प्लवकांचा साधारण उणे २० ते २५ असतो, एवढंच मला पाठ होतं. नमुन्यात जड कार्बनचं कार्बोनेट राहिलं असणार असं धरून मी आम्लाने तीनदा धुतलं, कारण आम्लात ते बुडबुडे होऊन निघून जातं. आकडा जेमतेम हलला. मग सगळा संच टाकूनच द्यायला निघाले होते.

तुम्ही एवढंच विचारलंत, "शेवटच्या धुण्यात बुडबुडे आले का?" नव्हते आले. "मग कार्बोनेटला कशाला नावं ठेवतेस?"

त्या दुपारी तुम्ही जे सांगितलंत ते मला कुठल्याही वर्गात इतकं नीट कळलं नव्हतं. निसर्गातल्या कार्बनपैकी जेमतेम १.१ टक्के कार्बन-१३. प्रकाशसंश्लेषणात कार्बन पकडणारं रुबिस्को हे विकर हलका कार्बन-१२ निवडून घेतं, पण निवडायला ताटात भरपूर असेल तरच. खाऱ्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड आधीच कमी विरघळतो. त्यात हा थर घट्ट. दुपारच्या उन्हात सायनोबॅक्टेरिया (प्रकाशसंश्लेषण करणारे जीवाणू) आतला कार्बन फस्त करतात, सामू चढतो, आणि बाहेरून नवा वायू झिरपायला वेळ लागतो. मग जे मिळेल ते पोटात, जड असो की हलकं. "दुष्काळात तेरावा महिना म्हणतात," तुम्ही हसून म्हणालात, "इथे दुष्काळात तेरावा कार्बन." (हा विनोद मी आता प्रत्येक सादरीकरणात वापरते. श्रेय देते, पण बिननावाचं.)

वर शिडलोव्स्की आणि सहकाऱ्यांचा १९८४ सालचा शोधनिबंध हातात ठेवलात. सिनाईमधल्या सोलर लेकच्या थरांचा आकडा उणे ५-६ च्या आसपास! माझा उणे ११ त्यापुढे अगदीच सामान्य वाटायला लागला.

मिथेनच्या वेळी तर तुम्ही मला खरंच वाचवलंत. बाटलीत जमलेला वायू सूक्ष्मजीवांच्या मिथेनला शोभणार नाही इतका जड निघाला, आणि अहवालात मी 'भूगर्भातील उष्णतेतून आलेला असावा' असं लिहून मोकळी झाले होते. तुम्ही त्या ओळीखाली पेन्सिलीने फक्त 'खातात काय?' असं लिहिलंत. शोधल्यावर कळलं: सल्फेटने भरलेल्या या पाण्यात हायड्रोजन आणि ॲसिटेट सल्फेटवाले जीवाणू पळवतात. मिथेन बनवणाऱ्यांच्या वाट्याला उरतं ते मुख्यतः ट्रायमिथाइलअमाइन. मिठाचा ताण सोसायला पेशी ग्लायसीन बीटेन साठवतात, त्याच्या विघटनातून ते येतं. तेही तुटपुंजं, म्हणून निवड नाही, म्हणून मिथेन जड. तुमच्या सांगण्यावरून काही बाटल्यांत ते वरून घातलं, तर मिथेन लगेच हलका झाला. पुन्हा तीच भूक! मंगळावरच्या मिथेनबद्दल बोलणाऱ्यांनाही हे ठाऊक हवं. नुसत्या आकड्यावरून 'हा सजीवांचा नाही' असा निकाल देता येत नाही.

एक कबुली राहिली. तो पहिला तुकडा मी सगळे थर एकत्र खरवडून दळला होता. तुमच्या ते लक्षात आलं होतं, तरी तुम्ही सगळ्यांसमोर बोलला नाहीत. त्याबद्दल वेगळे आभार.

जिप्समच्या कवचाखालचे नवे नमुने वाळत ठेवले आहेत. या वेळी थर वेगवेगळे काढलेत, आणि तुमचा बारीक चिमटा अजून माझ्याकडेच आहे. सोमवारी आणून देते.

तुमची,
आम्लाची अर्धी बाटली संपवणारी विद्यार्थिनी