तेनेरवाल्या ताईला जाहीर थँक्यू

ताई,

स्पॅनिशच्या परीक्षेचा निकाल आला त्या दिवशी व्हॉट्सॲपवर "थँक्यू ताई" आणि हात जोडलेला इमोजी पाठवला होता पण तेवढ्याने माझं समाधान झालं नाही, आणि फोनवर काही बोलायला गेलो की तू लगेच "बरं ते असू दे, जेवलास का" म्हणून विषयच बदलतेस, म्हणून आता इथे सगळ्यांसमोर लिहितोय, इथे तुला विषय बदलता येणार नाही. शिवाय इकडे स्पेनमध्ये बिलबाओ, बितोरिया ह्या बाजूला कामाला येणारी आपली पोरं स्पॅनिशमध्ये नेमकी जिथे मी अडकलो होतो तिथेच, म्हणजे तेनेर ह्या क्रियापदात, अडकतात, त्यांच्याही कामाला येईल.

डेले ह्या स्पॅनिश परीक्षेत बी-टू पातळीला 'आप्तो', म्हणजे पास, झालो हे तुला माहितीये. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, ह्या परीक्षेत चार पेपर असतात पण गट दोनच, वाचन-लेखन एका गटात आणि ऐकणं-बोलणं दुसऱ्यात, प्रत्येक गटात 50 पैकी 30 लागतात आणि एका गटातले जास्तीचे मार्क दुसऱ्या गटाला मिळत नाहीत. माझं बोलणं कसंबसं चालायचं, कारखान्यात राहून कान तयार झाला होता, घाबरायचो ते लिहायला, कारण लिहिताना क्रियापदाचं रूप गिळून टाकता येत नाही ना, कागदावर शेवटचं अक्षर दिसतंच.

आणि त्यात तेनेर. म्हणजे 'असणं', जवळ असणं. रोज शंभरदा लागणारं आणि तेवढंच वाकडं. क्लासमध्ये आम्हाला त्याचा छापील तक्ता दिला होता, आडवे सहा पुरुष आणि उभे काळ, साधे काळच धरले आणि सब्जंक्टिव्हचा (इच्छा, शंका, 'असतं तर' असलं सांगणारं रूप) भूतकाळ दोन प्रकारे होतो ते दोन्ही मोजले तर 48 रूपं, आबेर हे मदतीचं क्रियापद लावून होणारे जोड-काळ वेगळे, आज्ञार्थ वेगळा. हे पाढ्यासारखं म्हणायचं, एवढीच पद्धत सांगितलेली. तेंगो, तियेनेस, तियेने, तेनेमोस, तेनेइस, तियेनेन. म्हणायला छान वाटतं पण मधलाच एखादा विचारला की पहिल्यापासून सुरू करावं लागतं, बेसात्तं विचारलं की बे एके बे पासून सुरू करणाऱ्या पोरासारखं.

तू त्या दिवशी कास्को बिएखोतल्या, म्हणजे जुन्या गावातल्या, त्या बारमध्ये काय केलंस ते मला अजून जसंच्या तसं दिसतं. आधी तिथला टिश्यू घेतलास, पण तो मेणचट कागद, "ग्रासियास पोर सु बिसिता" छापलेला, त्यावर बॉलपेन चालेना. मग पर्समधून सुपरमार्केटची पावती काढलीस, उलटी केलीस आणि त्यावर फक्त चार शब्द लिहिलेस: तेंगो, तियेने, तुबे, तेंद्रे. म्हणालीस तक्ता फेकून दे, हे चार ठेव, बाकीचं सगळं ह्यांच्या पोटात आहे.

आणि खरंच आहे की. तेंगोचा शेवटचा ओ काढला आणि आ लावला की वर्तमानातला अख्खा सब्जंक्टिव्ह तयार, तेंगा, तेंगास, तेंगा, तेंगामोस, तेंगाइस, तेंगान. तियेने फक्त तू, तो आणि ते ह्यांच्यापुरतं, कारण जोर मुळावर पडला की ए फुटून इये होतो, आणि आम्ही-तुम्हीला जोर पुढे सरकतो म्हणून तेनेमोस, तेनेइस साधेच राहतात. तुबे हा भूतकाळ, लिहिताना व्ही पण कानाला ब, आणि त्याच्या 'ते' लोकांच्या रूपातून, म्हणजे तुबिएरोनमधून, शेवटचं रोन उडवलं आणि रा नाहीतर से लावलं की तुबिएरा, तुबिएसे. म्हणजे तक्त्यात सगळ्यात भीतीदायक दिसणाऱ्या त्या दोन रांगा तर फुकट मिळाल्या. तेंद्रे हा भविष्यकाळ, त्याच्या शेवटच्या ए ऐवजी इया लावलं की तेंद्रिया. आणि राहिलेला तेनिया, तेनियास तर अगदी सरळमार्गी आहे, त्याला कुठल्याच युक्तीची गरज नाही. (कायद्याच्या कागदात कधीतरी तुबिएरे असंही दिसतं, ते दिसलं की वकिलाला विचार, असं तू म्हणालीस. बरं.)

मग मी विचारलं की तेंद्रेमध्ये हा द आला कुठून, तेनेरमध्ये तर द नाहीच, तर बाकी कोणी असतं तर म्हणालं असतं अपवाद आहे, पाठ कर. तू म्हणालीस, तेन-रे असं दहा वेळा पटापट म्हणून बघ. बारमध्ये बसून मी तेनरे तेनरे करतोय आणि शेजारचे आजोबा बघतायत. चार-पाच वेळात जीभ आपोआप मध्ये द घालायला लागली. मग सांगितलंस की हा भविष्यकाळ म्हणजे मुळात तेनेर आणि आबेरचं वर्तमान असे दोन शब्द चिकटलेत, म्हणून त्याच्या शेवटी ए, आस, आ येतं, ते आबेरचेच ए, आस, आ आहेत, तेनेरमधला दुसरा ए गळला, न आणि र अंगावर आले आणि द मध्ये पडला. बेनीरचं बेंद्रे, पोनेरचं पोंद्रे, सालीरचं साल्द्रे, सगळ्यांचं तेच. ह्या एका गोष्टीने माझी चार क्रियापदं एका संध्याकाळी सुटली.

आणखी एक गोष्ट जी मला कुठल्याच पुस्तकात नीट मिळाली नव्हती. तेनिया आणि तुबे, दोन्ही भूतकाळ, मग फरक काय. पुस्तकात 'सुरू असलेली क्रिया' आणि 'पूर्ण झालेली क्रिया' असं काहीतरी असतं, वाचताना कळतं आणि वापरताना काहीच आठवत नाही. तू म्हणालीस तेनिया के इर म्हणजे 'जायचं होतं' आणि तुबे के इर म्हणजे 'जावं लागलं'. झालं! जायचं होतं म्हटलं की ऐकणारा विचारतो, मग गेलास का? जावं लागलं म्हटलं की गेलाच. त्याच आठवड्यात कारखान्यात एक सहकारी येऊन मला म्हणाला "तेनिया के यामार्ते" (तुला फोन करायचा होता) आणि मला पुढचं वाक्य ऐकायच्या आधीच कळलं की ह्याने फोन केलेला नाही आणि आता काहीतरी कारण येणार. आलंच. तसंच 'तेनिया मिएदो' म्हणजे भीती वाटत होती आणि 'तुबे मिएदो' म्हणजे त्या क्षणी भीती वाटली. हा फरक आपल्या भाषेत आधीच आहे तर तो इंग्लिशमधून का शिकवतात आम्हाला, हा माझा राग आहे आणि तो राहणार.

तसाच तो 'असेल'. तेंद्रा सिंक्वेंता आन्योस, पन्नाशीचा असेल. भविष्यकाळ पण अंदाजासाठी, सेम टू सेम आपल्यासारखं. (आन्योसमधला न्य नीट म्हण, नाहीतर काय होतं ते तू हळू आवाजात सांगितलं होतंस, ते इथे लिहीत नाही.)

जिथे आपली भाषा मदत करत नाही तेही तूच दाखवलंस हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मराठीत मला दोन भाऊ आहेत, माझ्याकडे गाडी आहे, मला ताप आहे, माझं वय चौतीस आहे, मला भूक लागलीय, मला जायचंय, आपण 'मी'ला कधी मला करतो, कधी माझ्याकडे, कधी माझं, आणि त्यांच्याकडे ह्या सगळ्याला एकच तेंगो. म्हणून आपले लोक बोलताना आधी 'आ मी' असं काहीतरी जुळवत बसतात. तू म्हणालीस भूक असो, भाऊ असो, ताप असो, मालक मीच, वाक्य थेट तेंगोपासून सुरू कर.

आणि सगळ्यात अवघड, 'असतं तर'. पैसे असते तर घर घेतलं असतं. आपल्याकडे दोन्ही अर्ध्यांना एकच वेश, असते–असतं. त्यांच्याकडे आधी सी, म्हणजे जर, मग पहिल्या अर्ध्याला तुबिएरा आणि दुसऱ्याला कोंप्रारिया, 'सी तुबिएरा दिनेरो, कोंप्रारिया उना कासा'. आपल्याला सवय दोन्हीकडे सारखं लावायची म्हणून हात 'सी तेंद्रिया' लिहायला जातो. आणि गंमत म्हणजे इथला बारवाला स्वतः बिनधास्त 'सी तेंद्रिया' म्हणत होता! मी तुझ्याकडे बघितलं. तू म्हणालीस बास्क भागात, नाबार्रात, ला रिओखात, बुर्गोसला हे असं ऐकू येतं, तो त्यांचा बोलायचा ढंग आहे, त्यांना हसू नकोस आणि परीक्षेत लिहू नकोस. हे मला फार आवडलं ताई, कारण एक तर लोक बारवाल्याला अडाणी म्हणतात नाहीतर "सगळे असंच बोलतात" म्हणून स्वतःच तसं लिहून येतात.

पुढे अजून एक पेच सोडवलास. आपलं 'पैसे असते तर घर घेतलं असतं' हे आजचं पण होतं आणि पाच वर्षांपूर्वीचं पण, संदर्भावरून कळतं. त्यांना ते चालत नाही. आज पैसे नाहीत तर सी तुबिएरा, तेव्हा नव्हते तर सी उबिएरा तेनिदो, आणि मग दुसरा अर्धा आब्रिया कोंप्रादो, किंवा उबिएरा कोंप्रादो म्हटलं तरी बरोबर. म्हणून लिहायच्या आधी स्वतःला विचारायचं, आत्ता की तेव्हा? माझ्या लेखनाच्या पेपरात मी मुद्दाम ह्यातलं एक-एक वाक्य घातलं, छाती पुढे काढून.

बाकी आज्ञार्थ वगैरे पटकन झालं. तेन क्विदादो, सांभाळून. नको म्हणायचं असेल तर तेन चालत नाही, नो तेंगास मिएदो, घाबरू नकोस, म्हणजे परत तेंगोचंच पोर. आणि दुकानातून निघताना ती मुलगी रोज जे "के तेंगा बुएन दिया" (दिवस चांगला जावो) म्हणते तो सब्जंक्टिव्ह आहे हे तू सांगेपर्यंत माझ्या लक्षातच नव्हतं आलं, मी रोज ऐकत होतो की. अर्जेंटिनाच्या क्लायंटचा फोन आला की तो तियेनेस न म्हणता तेनेस म्हणतो, जोर शेवटी देऊन, तेही आता चुकीचं वाटत नाही.

आणि मान्तेनेर, देतेनेर, ओब्तेनेर, सोस्तेनेर हे सगळे त्याच घरातले, त्याच चार शब्दांवर चालणारे. परवा शिफ्ट बदलताना ऑपरेटर म्हणाला "ला माकिना से देतुबो", हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला होता पण शेवटचं तुबो कानावर पडलं आणि कळलं की मशीन थांबलंय, डिक्शनरी काढायची वेळच आली नाही. त्याला नंतर मान्तेनिमिएंतोवाल्यांना, म्हणजे मेंटेनन्सवाल्यांना, बोलवायला सांगितलं, तोही तेनेरच निघाला.

तू ह्याचा एक पैसा घेतला नाहीस. क्लासवाल्यांनी घेतले होते, असो. तुझ्या शनिवारच्या दुपारी तू मला दिल्यास, तेही आठवडाभर मान मोडून काम केल्यावर, आणि दरवेळी "मलाही उजळणी होते रे" म्हणायचीस. उजळणी कसली ताई, तुला ते झोपेत येतं. मनापासून थँक्यू. खूप.

आता पोनेर तुझ्या पद्धतीने करून बघतोय. पोंगो, पोने, पुसे, पोंद्रे, छान बसलं. पण त्याचं पार्टिसिपल पुएस्तो का आणि तेनिदोसारखं पोनिदो का नाही, ह्याचं उत्तर पावतीवर सापडत नाहीये, ते शनिवारी सांग. आणि इचलकरंजीचा एक नवीन मुलगा आमच्याकडे जॉईन झालाय, अजून सेर की एस्तार ('असणं'चीच दोन वेगळी क्रियापदं) ह्यातच आहे, त्याला बरोबर आणू का? पावत्या जास्त घेऊन ये.