रेल्वेत लागलेल्या माझ्या मुलीला

प्रिय सोनू,

परवा फोनवर म्हणालीस की युनियनच्या मीटिंगमध्ये सारखं अमेरिकेतल्या रेल्वेवाल्यांचंच चालू असतं, आपण कॅनडात, आपला काय संबंध. तुझी ड्युटीची वेळ झाली होती म्हणून तेव्हा काही बोललो नाही, पण डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितोय.

क्युबेकमधल्या लॅक-मेगँटिक गावातल्या मालगाडीच्या अपघाताचं ट्रेनिंगमध्ये सांगितलं असेलच. ६ जुलै २०१३. ७२ टँकर क्रूड ऑइल, तेल अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटाचं, जाणार कॅनडातल्या सेंट जॉनच्या रिफायनरीला, रेल्वे कंपनीचे मालक अमेरिकेतले, आणि एवढ्या लोडवर माणूस एकच, टॉम हार्डिंग. जवळच्या नाँत गावाला रात्री मेन लाइनवर गाडी उभी केली, ७ हँडब्रेक लावले आणि हॉटेलवर झोपायला गेला. मग इंजिनाला आग लागली, ती विझवताना फायर ब्रिगेडने इंजिन बंद केलं, ब्रेकची हवा त्याच इंजिनावर होती, दुसरं कुणी चालू केलं नाही, प्रेशर हळूहळू उतरलं आणि गाडी सुटली. उतार जेमतेम १.२ टक्के, आपला कसारा घाट १ इन ३७, म्हणजे २.७ टक्के, दुपटीहून जास्त, तरी गावात शिरेपर्यंत स्पीड ताशी १०० किमी झालेला. तिथे घसरली, तेल पेटलं, ४७ माणसं गेली गं. आणि हार्डिंग झोपेतून उठून त्या आगीकडे गेला, न घसरलेले टँकर मागे ओढून काढायला मदत केली त्याने.

तपासात आलं की निदान १७ हँडब्रेक लागले असते. आता तू स्वतः ती ब्रेकची चाकं फिरवतेस, तुला मी काय सांगू, चढायचं, अंगातला जोर लावून आवळायचं, उतरायचं, खडीतून पुढच्या डब्याला जायचं, परत चढायचं, आणि हे सगळं ड्युटी संपताना, रात्री, एकट्याने. मी मालगाडीवर होतो तेव्हा शेजारी असिस्टंट, मागे गार्ड, लोड स्टेबल करताना, म्हणजे उभ्या गाडीला ब्रेक लावून ठेवताना, एकाचं राहिलं तर दुसरा ओरडायचा. त्याला ओरडणारं कुणी नव्हतं. ब्रेक कमी पडले हे खरंच, नियमभंगाच्या केसमध्ये त्याने नंतर ते कबूलही केलं. पण ४७ मृत्यूंचा फौजदारी खटला चालला तो त्याच्यावर, एका ट्रॅफिक कंट्रोलरवर आणि एका मॅनेजरवर. मालक पिंजऱ्यात नव्हते.

आणि तेव्हा अमेरिकेतले रेल्वेवाले त्याच्यासाठी उभे राहिले. रेलरोड वर्कर्स युनायटेड म्हणून त्यांची संघटना आहे, वेगवेगळ्या युनियनमधल्या साध्या कामगारांची, त्यांनी त्याच्या बाजूने मोहीम चालवली. त्याची स्वतःची युनियन स्टीलवर्कर्स, ती तर दोन्ही देशांत आहे, तिने वकिलाच्या खर्चासाठी फंड काढला. ज्याच्या नावाने एवढं मोठं स्मशान झालंय त्याच्या बाजूने बोलायला किती छाती लागत असेल विचार कर. १९ जानेवारी २०१८ ला ज्युरीने तिघांनाही निर्दोष सोडलं, तेव्हा मी इथे घरात बसून रडलो, तुझ्या आईला विचार.

त्या अमेरिकेतल्या रेल्वेवाल्यांना काय पडलं होतं? तर तिकडेही कंपन्यांना गाडीवर एकच माणूस हवा होता. आज हार्डिंग एकटा दोषी ठरला असता तर उद्या तेच त्यांच्या गळ्यात आलं असतं. कॅनडाने अपघाताच्याच महिन्यात, जुलै २०१३ मध्ये, आदेश काढला की धोकादायक मालाच्या गाडीवर किमान दोन माणसं हवीत, अमेरिकेत तसा नियम यायला २०२४ उजाडलं, एवढी वर्षं ते भांडत होते. तुझ्या गाडीत आज शेजारी कुणीतरी बसलेलं असतं ना, त्यात त्यांच्या भांडणाचाही वाटा आहे असं मी मानतो. डबे बॉर्डर ओलांडतात, कंपन्या ओलांडतात, मग आपणच का पलीकडे बघायचं नाही?

तर पुढच्या मीटिंगला जा. मागे बसू नकोस, आणि तुमच्या यार्डात रात्री लोड सिक्युअर करायला किती माणसं देतात ते उभी राहून विचार. काय उत्तर मिळालं ते मला फोन करून सांग, इकडे रात्र असली तरी चालेल. आई विचारतेय नवीन बूट आतून गरम आहेत का.

तुझा,
बाबा